पहिली मधपेटी: माश्या आणायच्या कुठून?

रिकामी मधपेटी मिळवणे आता अवघड राहिलेले नाही. मोबाइलवर मागणी नोंदवली की पेटी, धुराडे, जाळीची टोपी, हातमोजे असा सगळा संच चार दिवसांत घरपोच येतो. मुंबई-ठाण्याकडचा पत्ता असेल तर तो कदाचित भिवंडीच्याच एखाद्या गोदामातून निघालेला असतो. त्यामुळे भिवंडी तालुक्यातल्या वज्रेश्वरी, गणेशपुरी, अनगाव, पडघा या भागात ज्यांची शेतीवाडी आहे आणि ज्यांना एखाददुसरी पेटी ठेवून पाहावीशी वाटते, त्यांचा पहिला खर्च पेटीवर होतो आणि पहिली चौकशीही पेटीच्या किमतीचीच असते. हा क्रम उलटा आहे. पेटी हे शेवटी लाकूडकाम आहे. ते गावच्या सुताराकडून करून घेता येते, बिघडले तर बदलता येते. त्या पेटीत कोणत्या माश्या, कुणाकडून आणि कोणत्या महिन्यात आणायच्या, हा निर्णय चुकला तर मात्र तो दुरुस्त करायला हंगाम हातात राहत नाही. पेटी रिकामी होते आणि ‘आपल्याकडे मधमाश्या टिकत नाहीत’ असे म्हणून माणूस मोकळा होतो. म्हणून आधी मत सांगून टाकतो: या पट्ट्यात पहिल्यांदा माश्या पाळणाऱ्याने जवळच्या मधपाळाकडे वाढलेली सातेरीची वसाहत, स्वतःच्या डोळ्यांनी उघडून पाहून, पावसाळा संपल्यावर घ्यावी. तशी मिळत नसेल तर काही विकत घेऊ नये, थांबावे.

सातेरीच का, हे कळण्यासाठी पर्याय कोणते आहेत ते पाहावे लागेल. आपल्या परिसरात दिसणाऱ्या माश्यांपैकी उंच झाडावर किंवा इमारतीच्या सज्ज्याखाली एकच मोठे पोळे टांगणारी आग्या माशी पेटीत राहत नाही. उघड्यावर राहणे आणि ऋतूप्रमाणे जागा बदलणे हा तिचा स्वभाव आहे. झुडपात तळहाताएवढे पोळे करणारी फुलोरी हीसुद्धा पाळण्याजोगी नाही. बिनडंखाची पोया पाळता येते, पण तिचा मध अगदी थोडा. उरल्या दोन. सातेरी ही आपली मूळची माशी. झाडाच्या ढोलीत, वारुळात, जुन्या भिंतीच्या पोकळीत, म्हणजे अंधारात, ती एकाला एक समांतर अशी अनेक पोळी बांधते आणि म्हणूनच पेटीतल्या चौकटींवर राहायला तयार होते. दुसरी मेलिफेरा, जिला बरेच जण ‘इटालियन’ म्हणतात. ही मूळची युरोप-आफ्रिकेकडची. 1962 नंतर तेव्हाच्या पंजाबातील आणि आजच्या हिमाचलातील नगरोटा बगवान येथे ती यशस्वीपणे रुजवली गेली आणि तिथून देशभर पसरली. या दोघींच्या पेट्या वेगळ्या, चौकटींची मापे वेगळी. मेलिफेराच्या घरांचा ठसा असलेला मेणपत्रा सातेरीला दिला तर त्यावरची घरे तिच्या अंगापेक्षा मोठी पडतात. माशी ठरण्याआधी पेटी मागवणारा इथेच पहिला फसतो.

मधमाशीपालनाची बरीच माहिती आज अमेरिकेतून येते, आणि तिथली पद्धत आपल्याकडे उचलली जाते ती तिच्या मागचे कारण न पाहता. अमेरिकेत सुरुवात करणाऱ्यापुढे साधारण दोन वाटा असतात. एक म्हणजे जाळीच्या खोक्यात वजनावर मोजून मिळणाऱ्या तीन पौंड माश्या आणि छोट्या पिंजऱ्यात वेगळी ठेवलेली राणी. दुसरी म्हणजे अंडी, अळ्या, मध आणि अंड्यावरची राणी असलेल्या चार-पाच चौकटींची छोटी वसाहत. पहिल्या प्रकारात माश्या आणि राणी एकमेकींच्या ओळखीच्याही नसतात. तरी तो धंदा तिथे फोफावला, कारण तिथली मधमाशी मुळात बाहेरून नेलेली आहे, उत्तरेकडच्या कडक हिवाळ्यात वसाहती मरतात आणि दर वसंतात दक्षिणेतून, कॅलिफोर्नियातून नव्या माश्या मागवून रिकाम्या पेट्या भराव्या लागतात. आपल्याकडे यातले एकही कारण लागू पडत नाही. सातेरी इथलीच आहे आणि थंडी तिला मारत नाही. इथे तिची परीक्षा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत होते. अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या प्रदेशात माशी दिवसचे दिवस बाहेर पडू शकत नाही, पडली तरी फुलांतला मकरंद धुऊन गेलेला असतो. त्या काळात कोणती वसाहत तग धरते, हा आपला खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर परदेशी पुस्तकात मिळणार नाही.

मेलिफेराच्या बाजूने पहिला मुद्दा मांडला जातो तो मधाचा, आणि तो खोटा नाही. सातेरीची वसाहत वर्षाला साधारण 5 ते 10 किलो मध देते. मेलिफेराचा आकडा 25 ते 40 किलोपर्यंत सांगितला जातो. शिवाय ती सहसा पेटी सोडून जात नाही, तिच्या पेट्या विकणारे भेटतात आणि तिला सरकारी योजनांतही जागा आहे. मग कुणीही व्यवहारी माणूस सातेरी का घेईल? कारण मेलिफेराचा तो आकडा फिरत्या धंद्याचा आहे. शेकडो पेट्या ट्रकवर चढवून राजस्थानच्या मोहरीवर, तिथून धणे, ओवा, सूर्यफूल, कांद्याच्या बियाण्याचे प्लॉट असे फुलोऱ्यामागे हिंडणाऱ्यांचे ते उत्पन्न आहे. मोठी वसाहत, मोठी भूक. एका जागी ठेवलेली दोन पेट्यांची मेलिफेरा भिवंडी तालुक्यातल्या भातखाचरांच्या मधोमध जून ते सप्टेंबर काय खाणार? साखरेचा पाक, तोही किलोकिलोने. ज्याला ट्रक भाड्याने घेऊन शंभर पेट्या हलवायच्या आहेत, त्याच्यासाठी मेलिफेरा हा विचारपूर्वक केलेला धंदा असू शकतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण बांधावर दोन पेट्या ठेवणाऱ्याने त्या धंद्याचा आकडा आपल्या वहीत लिहून हिशेब मांडणे चूक आहे.

आणि मध हा एकमेव हिशेबही नव्हे. भिवंडी म्हटले की यंत्रमाग आणि गोदामे डोळ्यांपुढे येतात, पण तानसा नदीच्या अंगाने तालुक्याचा मोठा भाग अजून शेतीचा आहे. भाताबरोबर तिथे भाजीपाला होतो, आंबा आहे, आणि माळा-डोंगरावर जांभूळ, करंज, ऐन, हिरडा आहे. खाडीकडे खारफुटी आहे. काकडी, कारली, लाल भोपळा, कलिंगड यांची नर आणि मादी फुले वेगवेगळी असतात. कुणीतरी एका फुलावरचे पराग दुसऱ्यावर नेल्याखेरीज फळ धरत नाही, अर्धवट नेले तर फळ वेडेवाकडे येते. हे काम सातेरी चोख करते. तिचा फिरण्याचा पल्ला मेलिफेरापेक्षा कमी, साधारण किलोमीटरभराचा, म्हणजे तिचा फायदाही आपल्याच आणि शेजाऱ्याच्या शेतात पडतो. ‘अंडर द मँगो ट्री’ ही मुंबईची संस्था महाराष्ट्र, गुजरात आणि मध्य प्रदेशातील आदिवासी शेतकऱ्यांबरोबर काम करते ते याच माशीवर आणि याच कारणासाठी: छोट्या जमिनीतले पीक आधी, मध नंतर. ज्या प्रदेशाची शेती, पाऊस आणि जमीनधारणा आपल्यासारखी आहे तिथे कोणती माशी निवडली गेली, हा पुरावा मला उत्पन्नाच्या कोष्टकापेक्षा वजनदार वाटतो. साताऱ्यातील महाबळेश्वरजवळचे मांघर 2022 मध्ये देशातील पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले, त्यानंतर कोल्हापूरच्या भुदरगड तालुक्यातील पाटगाव पुढे आले. मुसळधार पावसाच्या या डोंगराळ गावांचा मधव्यवसाय सातेरीवर उभा आहे.

आता ‘जवळची’ या शब्दावर इतका भर का? माशी इथलीच असली तरी वसाहत दूरवरून आणली तर काय बिघडते? बिघडते, आणि ते एकदा फार मोठ्या प्रमाणावर बिघडले आहे. थाई सॅकब्रूड नावाचा विषाणुजन्य रोग सातेरीच्या अळ्यांना होतो. 1991-92 च्या सुमारास तो दक्षिण भारतात पसरला तेव्हा केरळमधल्या पेट्यांतील 90 टक्क्यांहून अधिक वसाहती गेल्या आणि हजारो मधपाळ कुटुंबांचे उत्पन्न एका-दोन हंगामांत बंद झाले. असा रोग रोगट वसाहती, चौकटी आणि माश्या एका गावातून दुसऱ्या गावात हलवल्याने वेगाने पसरतो. वाहतुकीचा दुसरा धडा जगाने मेलिफेराकडून घेतला. व्हरोआ हा कोळीवर्गातला परजीवी मुळात सातेरीच्या कुळातला पाहुणा. ती त्याला अंगावरून खरवडून काढते आणि त्याच्यासह जगते. माणसाने मेलिफेरा आशियात आणून शेजारी ठेवली, तो तिच्यावर चढला आणि पेट्यांबरोबर जवळजवळ जगभर पोचला. ज्याच्या रानात सातेरीच्या नैसर्गिक वसाहती आहेत त्याने परजिल्ह्यातून, परराज्यातून पेट्या आणणे म्हणजे स्वतःबरोबर त्या रानाचीही जोखीम घेणे आहे. आपल्या दोन पेट्या मेल्या तर नुकसान आपले. ढोलीतल्या वसाहती मेल्या तर ते नुकसान शेजारच्या प्रत्येक शेतकऱ्याचे, आणि त्याचा पंचनामा कुणी करत नाही.

यावर काही जण म्हणतील, मग विकत कशाला घ्यायची? रानात सातेरी आहेच, काढून आणू. या मार्गाचे समर्थक पुष्कळ आहेत, आणि जुन्या मधपाळांपैकी अनेकांनी सुरुवात अशीच केली. तरीही जंगलातली वसाहत काढणे पहिल्या पेटीसाठी मला अयोग्य वाटते. 1927 च्या भारतीय वन कायद्यात जंगलात सापडणारा मध आणि मेण वनोपज म्हणून नोंदलेले आहेत. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करण्याचा हक्क त्या जंगलावर जगणाऱ्यांना दिला, त्यात मधही येतो. कातकरी, वारली कुटुंबे ज्या ढोलीतून पिढ्यान् पिढ्या मध काढत आली, ती ढोली शहरातल्या हौशी माणसाने कुऱ्हाडीने फोडावी, यात कायदा नंतर येतो, रीत आधी मोडते. शिवाय ढोली फोडताना पोळी मोडतात, अळ्या चिरडतात, राणी हरवते. सराव नसलेल्या हाताने काढलेली वसाहत बहुतेक वेळा पेटीत टिकत नाही, म्हणजे रानातली गेली आणि आपलीही झाली नाही.

पण एक अपवाद मी आनंदाने मान्य करीन, कारण भिवंडीसारख्या ठिकाणी तो नेहमी समोर येतो. बंद पडलेल्या कारखान्याची भिंत, गोदामाचा कोपरा, विहिरीचा कठडा, विजेच्या मीटरची पेटी अशा ठिकाणी सातेरी बसते आणि लोक घाबरून फवारणीवाल्याला बोलावतात. जी वसाहत उद्या मारली जाणार आहे ती प्रशिक्षित माणसाकडून पेटीत उतरवून घेण्याइतका स्वच्छ व्यवहार दुसरा नाही; पुण्यात अमित गोडसे यांच्यासारख्यांनी इमारतींवरच्या माश्या न मारता हलवण्याचे काम लोकांच्या ओळखीचे केले आहे. दुसरा सभ्य मार्ग म्हणजे जुने मेण आणि गवती चहा चोळलेली रिकामी पेटी सावलीत, थोड्या उंचीवर ठेवून वाट पाहणे. गवती चहाच्या वासातला मुख्य घटक माश्या एकमेकींना बोलावताना सोडतात त्या गंधातही असतो. नवी जागा शोधणारा थवा तिथे आपण होऊन येऊ शकतो. येईलच असे नाही, आणि म्हणून केवळ यावर विसंबून सुरुवात करता येत नाही, इतकेच.

सातेरीवरचा सगळ्यात गंभीर आक्षेप तिच्या पळून जाण्याचा आहे. तो खरा आहे. मुंग्या लागल्या, मेणकिड्याने पोळी पोखरली, गांधीलमाश्यांनी दारावर मुक्काम ठोकला, अन्न संपले किंवा रोज कुणीतरी कौतुकाने झाकण उघडून पाहू लागले, तर ती राणीसह निघून जाते. मात्र नीट पाहिले तर यातले प्रत्येक कारण पाळणाऱ्याच्या हातातले आहे. पेटीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या, रिकामी पोळी वेळीच काढून घेणे, पावसाळ्यात साखरेचा पाक, आणि आठवड्यातून एकदाच, थोडा वेळ तपासणी. मेलिफेरा याच चुकांनंतर पेटीतच राहून हळूहळू मरते, सातेरी निघून जाते. नवख्याला निघून जाणारी माशी बेभरवशाची वाटते. माझ्या मते ती त्याला चूक लवकर दाखवते. शिवाय पळण्याचा धोका खरेदीशी थेट जोडलेला आहे. नुकत्याच धरलेल्या, पोळी दोऱ्याने चौकटीला बांधलेल्या वसाहतीपेक्षा महिनोन् महिने त्याच चौकटींवर वाढलेली, अळ्या-अंड्यांनी भरलेली वसाहत घर सोडायला फार कमी तयार असते. म्हणजे माश्या जास्त असण्याला महत्त्व नाही, पिलावा, म्हणजे घरांतल्या अंडी-अळ्या, किती आहे याला आहे.

म्हणून विकणाऱ्याकडे गेल्यावर माश्यांच्या घोंघाटाने दिपून जाऊ नये. चौकटी एकेक बाहेर काढून दाखवायला सांगाव्यात. जो दाखवत नाही त्याच्याकडून घेऊ नये. घराच्या तळाशी एकेकच अंडे दिसले तर राणी गेल्या तीन दिवसांत तिथे होती, हे राणी प्रत्यक्ष दिसण्यापेक्षाही पक्के समजावे. एकाच घरात दोन-तीन अंडी, तीही भिंतीला चिकटलेली दिसली तर बहुधा राणी नाही आणि कामकरी माश्याच अंडी घालताहेत. बंद पिलावा सलग हवा, मधूनमधून भोके असलेला नको. डोके वर करून पिशवीसारख्या फुगून मेलेल्या अळ्या दिसल्या तर भाव कितीही कमी केला तरी हात लावू नये. ती सॅकब्रूडची खूण आहे. काळ्याठिक्कर पडलेल्या जुन्या पोळ्यांचे पैसे नव्याच्या भावाने देऊ नयेत. व्यवहार ‘पेटी’वर न करता माश्यांनी दोन्ही बाजूंनी झाकलेल्या चौकटींवर करावा, आणि शक्य असेल तर एकाऐवजी दोन वसाहती घ्याव्यात: एकीची राणी गेली तर दुसरीतली अंड्यांची चौकट देऊन तिला नवी राणी करता येते, आणि दोन्ही शेजारी असल्या की कोणती मागे पडते आहे हे नवख्यालाही कळते.

वेळ ऑक्टोबर-नोव्हेंबरची. पावसानंतर रानफुले सुरू होतात, वसाहत थंडीभर वाढते आणि फेब्रुवारीपासूनच्या मुख्य फुलोऱ्याला तयार होते. मे महिन्यात घेतलेली वसाहत स्वस्त पडेल, कारण विकणाऱ्याला पुढचा पावसाळा ठाऊक आहे. नेण्याचे काम अंधार पडल्यावर, दाराला जाळी लावून, चौकटी रस्त्याच्या दिशेने लांबीला राहतील अशा ठेवून करावे; आडव्या चौकटी प्रत्येक गचक्याला एकमेकींवर आपटतात. राजणोली आणि माणकोली नाक्यांच्या वाहतूक कोंडीत भर दुपारी बंद पेटी तापली की मेण मऊ होते आणि पोळी खाली बसतात. त्या रस्त्याला माणसेच कंटाळली आहेत, माश्यांची काय कथा! आणि खरेदीचे ठिकाण फार जवळचे, दोन किलोमीटरच्या आतले असेल, तर बाहेर फिरणाऱ्या माश्या जुन्याच जागी परततात, हेही लक्षात ठेवावे.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा: अशी वसाहत मिळते कुठे? महाबळेश्वरला राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय आहे, पुण्यात खादी आयोगाची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था 1962 पासून आहे, मंडळाच्या मध केंद्र योजनेत प्रशिक्षण आणि 50 टक्के अनुदान आहे. प्रशिक्षणासाठी या संस्थांकडे जरूर जावे, तेही पैसे मोजण्याआधी. पण महाबळेश्वरची वसाहत ही भिवंडीची वसाहत नव्हे. उंची, थंडी, फुलोरा, सगळेच निराळे. ठाणे-पालघरच्या पट्ट्यात सातेरीच्या वसाहती विभाजनाने वाढवून विकणारे मधपाळ हवेत, आणि ते थोडे आहेत ही खरी अडचण आहे. केंद्राच्या हनी मिशनमध्ये 2017 पासून दोन लाखांहून अधिक पेट्या वाटल्याचे सांगितले जाते. किती पेट्या वाटल्या याबरोबर दुसऱ्या पावसाळ्यानंतर त्यांतल्या किती भरलेल्या राहिल्या, हा आकडा जिल्हावार जाहीर व्हायला हवा. अनुदानही पेटीच्या खरेदीला न देता वर्ष काढलेल्या वसाहतीला आणि त्या वसाहती वाढवणाऱ्याला द्यायला हवे. ज्या कातकरी आणि वारली तरुणांना माशी कुठे बसते, कधी फुटते हे आधीच ठाऊक आहे, त्यांना हे विभाजनाचे शास्त्र शिकवले तर भिवंडी, वाडा, शहापुरातल्या नव्या मधपाळांना माश्या त्यांच्याकडूनच विकत घेता येतील. तोपर्यंत ज्याला जवळची चांगली वसाहत मिळाली नाही, त्याने या ऑक्टोबरात पेटी रिकामी ठेवावी, बांधावर करंज आणि शेवगा लावावा, कुंपणालगत तुळस वाढू द्यावी, फुलोऱ्यात सकाळची फवारणी बंद करावी आणि पुढच्या हंगामासाठी आत्ताच एखाद्या मधपाळाकडे नाव नोंदवून ठेवावे.